हरित इमारतीतील फरशीकाम: अल्प-उत्सर्जन साहित्य निवडण्यापासून त्याचा पुरावा सादर करण्यापर्यंत

भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजून निघालेल्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हवेत उडून जाण्यासारखे काही उरलेले नसते. मोरबीहून ट्रकने आलेली ती फरशी घरातल्या हवेच्या दृष्टीने निर्दोष असते. हवेत जे मिसळते ते तिच्याखाली, तिच्या सांध्यांत आणि कधी कधी तिच्यावर लावलेल्या पदार्थांतून येते: प्रायमर, वॉटरप्रूफिंगचा थर, टाइल अ‍ॅढेसिव्ह, ग्राउट, सिलिकॉन आणि अगदी शेवटी मारलेला सीलर. हरित इमारतीचे प्रमाणपत्र घेताना हिशेब मागितला जातो तो या पदार्थांचा. माझ्या अनुभवात हा हिशेब साहित्य वाईट असल्यामुळे क्वचितच बिघडतो. कोणता डबा केव्हा आला, तो कुठे वापरला आणि त्याचा कागद कोणाकडे आहे, हे कोणी लिहून ठेवलेले नसल्यामुळे तो बहुतेक वेळा बिघडतो. म्हणून या लेखात साहित्याच्या निवडीइतकीच जागा नोंदीला दिली आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगावीशी वाटते. या नियमांचा विचार आपण पुढे त्या जागेत राहणाऱ्यांच्या आरोग्यापुरता करतो, परंतु त्या डब्याचे झाकण पहिल्यांदा उघडतो तो फरशीचा मिस्त्री. सहा बाय चार फुटांच्या, एकच लहान खिडकी असलेल्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून तो दिवसभर तेच श्वासात घेत असतो. अल्प-उत्सर्जन साहित्याचा पहिला लाभार्थी तोच आहे, हे लक्षात ठेवले की पुढच्या पायऱ्या कागदी वाटत नाहीत.

आधी कोणते मानक लागू आहे ते पाहावे

भारतात या कामासाठी प्रामुख्याने तीन पद्धती वापरात आहेत. पहिली अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची ‘लीड’. दुसरी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, म्हणजे आयजीबीसीची. ही संस्था भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केली आणि तिचे मुख्यालय हैदराबादला आहे. तिसरी ‘टेरी’ या संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साथीने उभी केलेली ‘गृह’. तिन्हींमध्ये कमी व्हीओसी असलेल्या, म्हणजे बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे प्रमाण कमी असलेल्या रंग, चिकटद्रव्ये व सीलंट यांना गुण आहेत, मात्र पुराव्याची खोली वेगवेगळी आहे. आयजीबीसीच्या नवीन इमारतींच्या मानकात भर डब्यातील प्रमाणावर आहे आणि टाइल अ‍ॅढेसिव्हसाठी मर्यादा लिटरला ६५ ग्रॅम आहे. लीडच्या ४.१ आवृत्तीत डब्यातील प्रमाणासोबत प्रत्यक्ष हवेत होणाऱ्या उत्सर्जनाची चाचणीही मागितली जाते. किती टक्के साहित्य अनुरूप असावे हे एकाच पद्धतीच्या दोन आवृत्त्यांतही बदलते, त्यामुळे प्रकल्पाची नोंदणी कोणत्या आवृत्तीखाली झाली आहे हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे आणि ते साइटवरच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावावे.

महाराष्ट्रात या प्रमाणपत्राला थेट आर्थिक अर्थही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार हरित मानांकनाच्या पातळीप्रमाणे मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर वाढ मिळते. गुणांची बेरीज एखाद्या पातळीच्या काठावर असेल, तर फरशीकामातील एका निष्काळजी खरेदीची किंमत त्या डब्याच्या किमतीपेक्षा फार मोठी ठरू शकते.

दोन मापे, दोन वेगळे प्रश्न

या विषयातील बहुतेक गोंधळ दोन मापे एकच समजल्याने होतो. पहिले माप आहे व्हीओसीचे प्रमाण: एक लिटर पदार्थात किती ग्रॅम बाष्पनशील संयुगे आहेत. दुसरे माप आहे उत्सर्जन: तो पदार्थ लावून, सुकवून, बंद पेटीत ठेवला असता काही दिवसांनी हवेत किती मायक्रोग्रॅम सोडतो.

पहिल्या मापासाठी जगभर आधार घेतला जातो तो दक्षिण कॅलिफोर्नियाच्या साउथ कोस्ट हवा-गुणवत्ता जिल्ह्याच्या नियमांचा. चिकटद्रव्ये व सीलंट यांसाठी नियम ११६८ आहे आणि रंग व लेपांसाठी नियम १११३. लीड ४.१ मध्ये नियम ११६८ ची ऑक्टोबर २०१७ मध्ये सुधारलेली आवृत्ती ग्राह्य धरली जाते. तिच्यात सिरॅमिक, काच, पोर्सेलिन व दगडी टाइलच्या अ‍ॅढेसिव्हसाठी लिटरला ६५ ग्रॅम, तर फरशीखालच्या तळपट्ट्या चिकटवण्याच्या द्रव्यासाठी ५० ग्रॅम अशा मर्यादा आहेत. हे नियम मुळात लॉस एंजेलिस परिसरातील ओझोनयुक्त धुरके कमी करण्यासाठी लिहिले गेले, आणि यातच त्यांची मर्यादा दडलेली आहे. ओझोन तयार करण्यात ज्याचा वाटा नगण्य आहे, असा अ‍ॅसिटोनसारखा द्रावक या हिशेबातून वगळला जातो. बाहेरच्या आकाशासाठी तो निरुपद्रवी मानला तरी बंद खोलीत तो हवेत उतरतोच. त्यामुळे ‘व्हीओसी शून्य’ असे छापलेल्या डब्यालाही उग्र वास असू शकतो आणि त्यात लेबल खोटे असेलच असे नाही.

ही उणीव दुसरे माप भरून काढते. लीडमध्ये त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची मानक पद्धती, आवृत्ती १.२ (२०१७), वापरली जाते. नमुना २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत दहा दिवस ठेवला जातो, मग चार दिवस चाचणी-पेटीत ठेवून अकराव्या, बाराव्या आणि चौदाव्या दिवशी हवेचे नमुने घेतात. त्यावरून प्रमाणित कार्यालय किंवा वर्गखोलीत ३५ विशिष्ट रसायनांचे प्रमाण किती होईल हे काढले जाते. फॉर्माल्डिहाइडची मर्यादा घनमीटरला ९ मायक्रोग्रॅम आहे. कर्करोगाशी निर्विवाद संबंध सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटातही त्याची गणना होते. जर्मनीच्या ‘एमिकोड’ पद्धतीत मोजणी तीन दिवसांनी व अठ्ठावीस दिवसांनी होते आणि तिच्या सर्वोच्च ‘ईसी-१ प्लस’ वर्गात अठ्ठावीस दिवसांनंतर एकूण व्हीओसी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ही सगळी आकडेमोड २३ अंशांवरची आहे, हे आपल्याकडे विसरू नये. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीचे तापमान याहून कितीतरी अधिक असते आणि तापमान वाढले की उत्सर्जनही वाढते.

पहिली पायरी: स्लॅबपासून वर एकेक थर मोजावा

साहित्याची यादी ब्रँडच्या पत्रकावरून करू नये. ड्रॉइंगवर बोट ठेवून उघड्या स्लॅबपासून सुरुवात करावी आणि तयार फरशीपर्यंत जे जे ओले लावले जाणार आहे ते ते लिहावे. खाली मी एका नेहमीच्या बाथरूमचे उदाहरण घेतो, कारण फरशीकामातील जवळजवळ प्रत्येक पदार्थ तिथे भेटतो.

सर्वांत खाली वॉटरप्रूफिंग येते. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर सिमेंटचा घट्ट थर असेल, तर चिंता कमी. दोन घटकांचा अ‍ॅक्रिलिक-सिमेंट लेप बहुधा पाण्यावर आधारित असतो आणि त्याचे प्रमाण मर्यादेत बसते. सावध राहायचे ते द्रावकयुक्त बिट्युमेन प्रायमर आणि द्रावकयुक्त पॉलियुरेथेन लेप यांच्याबाबत. नियम १११३ नुसार वॉटरप्रूफिंग सीलरची मर्यादा लिटरला १०० ग्रॅम आहे आणि असे अनेक द्रावकयुक्त लेप ती सहज ओलांडतात. इथे एक शाब्दिक घोटाळा वारंवार होतो. लीडच्या व्याख्येत इमारतीचा अंतर्भाग म्हणजे जलरोधक आवरणाच्या आतील सर्व काही, आणि हे वाचून ठेकेदार सांगतो की बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगखालचे काही मोजायचे नाही. त्या व्याख्येतील आवरण म्हणजे संपूर्ण इमारतीला पावसापासून वाचवणारे बाहेरचे कवच. त्याच्या आत असलेल्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, वरचे असो की खालचे, हिशेबात येते. गच्चीवरचे येत नाही.

त्यानंतर प्रायमर व समतलीकरणाचा थर. प्रायमरचे प्रमाण इतके थोडे असते की तो यादीतून हमखास सुटतो. तो वेगळ्या डब्यात, वेगळ्या नावाने येतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंद हवी.

मग टाइल अ‍ॅढेसिव्ह. आपल्या आजोबांच्या घरातली शहाबादी फरशी चुन्याच्या किंवा सिमेंट-वाळूच्या मालावर बसवलेली असे. त्या मालात सेंद्रिय असे काहीच नव्हते. आजची व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून साधा माल तिला धरत नाही आणि पॉलिमरयुक्त अ‍ॅढेसिव्ह लागतो. पोत्यातील पावडरमध्ये सिमेंट व वाळू यांच्यासोबत पाण्यात पुन्हा पसरणारी पॉलिमर पावडर असते. तिचे व्हीओसी प्रमाण बहुधा नगण्य असते, परंतु पॉलिमर हा सेंद्रिय बंधक असल्याने लीडमध्ये दगड, सिरॅमिक व काच यांना ‘मुळातच उत्सर्जनरहित’ म्हणून जी सूट आहे ती या पावडरला आपोआप मिळत नाही. बादलीतून तयार मिळणारी पेस्ट ही डिस्पर्शन प्रकारची, म्हणजे पाण्यात पॉलिमर पसरवलेली, असते, तर धातू, लाकूड किंवा जुन्या टाइलवर लावायला दोन घटकांचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन अ‍ॅढेसिव्ह घेतात. या दोहोंची कागदपत्रे पावडरपेक्षा अधिक बारकाईने पाहावीत. आयएस १५४७७ (२०१९) या भारतीय मानकातील टाइप १ ते टाइप ५ हे वर्गीकरण अ‍ॅढेसिव्हच्या पकडीबद्दल आणि वापराबद्दल आहे. टाइप ४ किंवा टाइप ५ असल्यावरून अल्प-उत्सर्जनाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, तरीही ते प्रमाणपत्र व्हीओसीचा पुरावा म्हणून जोडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

सांध्यांत सिमेंट ग्राउट असेल तर विषय थोडक्यात आटोपतो. इपॉक्सी ग्राउट मात्र मिश्रणाच्या प्रमाणावर पूर्णपणे अवलंबून असतो, त्याबद्दल पुढे. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात, तसेच विस्तार सांध्यांत सिलिकॉन भरतात. सिलिकॉन कशाच्या आधारे घट्ट होते यावर ते काय सोडते हे ठरते. अ‍ॅसिटॉक्सी प्रकार अ‍ॅसिटिक आम्ल सोडतो आणि व्हिनेगरसारखा वास येतो. संगमरवरावर तो वापरूच नये, कारण ते आम्ल दगडातील कॅल्शियम कार्बोनेटवर परिणाम करते. ऑक्झाइम प्रकारातून बाहेर पडणारे ऑक्झाइम आरोग्याच्या दृष्टीने अधिक काळजीचे आहे. अल्कॉक्सी प्रकार अल्कोहोल सोडतो आणि आतील कामासाठी माझी पसंती त्याला आहे, अर्थात त्याच्या प्रमाणपत्रासह. नियम ११६८ च्या २०१७ च्या सुधारणेत बहुतेक वास्तू-सीलंटची मर्यादा २५० वरून ५० ग्रॅमवर आली. बाजारात फिरणारी जुनी घोषणापत्रे २५० च्या मर्यादेला ‘अनुरूप’ असे सांगतात, म्हणून त्यावरचे वर्ष पाहिल्याशिवाय ती स्वीकारू नयेत.

शेवटी दगडाचा सीलर, आणि माझ्या मते संपूर्ण फरशीकामातील सर्वांत धोक्याचा डबा हाच. सिलेन-सिलोक्सेनचे अनेक सीलर खनिज द्रावकात मिसळलेले असतात. ते फरशीच्या ठेकेदाराकडून येत नाहीत. काम संपत आल्यावर पॉलिशवाला ते स्वतःच्या पिशवीतून काढतो. एका कार्यालयाच्या कामात आमची सर्व यादी मंजूर होती, टक्केवारी बसत होती, आणि हस्तांतरणाच्या चार दिवस आधी स्वागतकक्षाच्या ग्रॅनाइटवर असा सीलर मारला गेला. डब्यावर व्हीओसीचा आकडाच नव्हता. प्रमाणाच्या निकषात शंभर टक्के साहित्य अनुरूप असावे लागते, त्यामुळे त्या थोड्याशा सीलरने चिकटद्रव्यांशी संबंध नसलेला लेपांचा संपूर्ण वर्ग हातून गेला. पाण्यावर आधारित सीलर उपलब्ध होता, परंतु पॉलिशवाल्याला ते सांगायचे आम्हालाच सुचले नव्हते. तेव्हापासून पॉलिशच्या कामाच्या कार्यादेशात सीलरचे नाव मी स्वतः लिहितो.

दगडाबद्दल आणखी एक नोंद. आयात केलेल्या इटालियन संगमरवराच्या पाठीवर जाळी आणि राळेचा थर असतो, आणि क्वार्ट्झच्या कृत्रिम स्लॅबमध्ये वजनाच्या सुमारे ७ ते १० टक्के पॉलिएस्टर राळ असते. सेंद्रिय बंधक किंवा लेप असलेल्या अशा दगडाला ‘मुळातच उत्सर्जनरहित’ म्हणता येत नाही. त्याचे उत्सर्जन प्रमाणपत्र मागावे लागते.

दुसरी पायरी: कागद मागवणे आणि वाचणे

प्रत्येक पदार्थासाठी तीन कागद मागावेत: तांत्रिक पत्रक, सुरक्षा पत्रक आणि व्हीओसी प्रमाणाचा चाचणी अहवाल. उत्सर्जनाच्या निकषासाठी चौथा कागद म्हणून तृतीय पक्षाचे प्रमाणपत्र लागते. ‘ग्रीनगार्ड गोल्ड’ आणि ‘एससीएस इंडोर अ‍ॅडव्हान्टेज गोल्ड’ ही या कामी नेहमी दिसणारी प्रमाणपत्रे. भारतीय उद्योग महासंघाचे ‘ग्रीनप्रो’ हे आयजीबीसीच्या प्रकल्पांत उपयोगी पडते, पण लीडच्या प्रकल्पात उत्सर्जन चाचणीच्या जागी ते आपोआप चालेल असे गृहीत धरू नये.

प्रमाणपत्र हातात आल्यावर काय पाहावे? उत्पादनाचे नाव डब्यावरील नावाशी अक्षरशः जुळते का. तेच नाव पण दुसऱ्या देशातील कारखान्यासाठी प्रमाणपत्र आहे का. मानक पद्धतीची आवृत्ती १.२ आहे की जुनी. कोणत्या खोलीच्या गृहीतकावर अनुरूपता ठरवली आहे. एकूण व्हीओसी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा कमी, ०.५ ते ५, की ५ किंवा अधिक या तिन्हींपैकी कोणत्या टप्प्यात नोंदवले आहे. आणि साहित्य खरेदी करताना प्रमाणपत्राची मुदत चालू होती का. यांपैकी कारखान्याचा मुद्दा आपल्याकडे सर्वाधिक महत्त्वाचा आहे. बहुराष्ट्रीय कंपनीचे युरोपातील प्रमाणपत्र आणि तिच्याच भारतातील कारखान्यात भरलेले पोते यांचे नाव सारखे असले तरी घटक वेगळे असू शकतात. विक्रेत्याने ‘एकच आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. कंपनीकडून तसे लेखी पत्र घ्यावे.

व्हीओसी प्रमाणाच्या अहवालात एक आकडेमोड स्वतः करून पाहावी. नियम ११६८ मध्ये चिकटद्रव्याचे प्रमाण पाणी वगळून मोजतात, तर अनेक लेबलांवर पाण्यासह असलेल्या पूर्ण लिटरमागचा आकडा छापलेला असतो. समजा, एका तयार पेस्टच्या एक लिटरमध्ये ४०० मिलिलिटर पाणी आणि ४० ग्रॅम व्हीओसी आहे. लेबलवर ‘४० ग्रॅम प्रति लिटर’ असे लिहिलेले असेल आणि ते ६५ च्या आत असल्याने आपण निश्चिंत होतो. पाणी वगळल्यावर उरतात ०.६ लिटर, ४० ला ०.६ ने भागले की ६६.७ ग्रॅम येतात, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. म्हणून अहवालात ‘पाणी व वगळलेले घटक सोडून’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, नसेल तर विचारावे.

दोन घटकांच्या पदार्थात आकडा दोन्ही घटक सांगितलेल्या प्रमाणात मिसळल्यानंतरचा हवा. फक्त राळेच्या डब्याचा आकडा दाखवून हार्डनरबद्दल मौन बाळगलेले अहवाल परत पाठवावेत. मिथिलीन क्लोराइड आणि परक्लोरोइथिलीन हे पदार्थ हेतुपुरस्सर मिसळलेले नाहीत, अशी घोषणाही मागून घ्यावी. सुरक्षा पत्रकाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे घटकांच्या तक्त्यात, ते पडताळता येते.

तिसरी पायरी: निविदेत आणि कार्यादेशात लिहिणे

निविदेत ‘साहित्य हरित असावे’ असे लिहिल्याने कोणाचीही जबाबदारी निश्चित होत नाही. फरशीच्या बाबीच्या वर्णनातच लिहावे: टाइल अ‍ॅढेसिव्ह नियम ११६८, ऑक्टोबर २०१७, प्रमाणे पाणी वगळून लिटरला ६५ ग्रॅमच्या आत, उत्सर्जन मानक पद्धती १.२ प्रमाणे, प्रमाणपत्र खरेदीआधी सादर केलेले, लेखी मंजुरीशिवाय बदली साहित्य अमान्य. बदली साहित्याचे वाक्य विशेष गरजेचे आहे. टाइल फुटल्या, पोती कमी पडली आणि रविवारी काम पुरे करायचे असले, की ठेकेदार जवळच्या दुकानातून मिळेल ते आणतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याच्या हातात मंजूर पर्यायांची, निदान दोन उत्पादनांची, यादी दिली होती का हे पाहावे.

हीच अट वॉटरप्रूफिंगवाला, पॉलिशवाला आणि स्कर्टिंगच्या धातूच्या पट्ट्या लावणारा सुतार यांच्या कार्यादेशांतही यावी. सुताराच्या हातातले रबरी संपर्क-चिकटद्रव्य बहुधा टोल्युइन किंवा हेक्झेनसारख्या द्रावकात विरघळलेले असते.

चौथी पायरी: गेट, गोदाम आणि नोंदवही

गेटवर सुरक्षारक्षकाकडे मंजूर उत्पादनांच्या डब्यांचे रंगीत फोटो चिकटवलेले एक पान द्यावे. तांत्रिक नावे वाचण्यापेक्षा डबा ओळखणे सोपे असते आणि हा साधा उपाय कोणत्याही प्रशिक्षण सत्रापेक्षा अधिक उपयोगी पडल्याचे मी पाहिले आहे. यादीबाहेरचा डबा आला तर तो गेटवरच थांबावा.

गोदामातील नोंदवहीत प्रत्येक आवकीचे चलन क्रमांक, उत्पादनाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तारीख, नग, लिटर किंवा किलो, आणि ते कोणत्या मजल्यावर गेले हे लिहावे. डब्याच्या लेबलचा एक स्पष्ट फोटो त्याच दिवशी काढावा, कारण दोन महिन्यांनी रिकामा डबा भंगारात गेलेला असतो आणि परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास काहीच उरत नाही. पावडर किलोत येते आणि टक्केवारी लिटरमध्ये काढायची असते, म्हणून तांत्रिक पत्रकातील घनतेचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष काम

चांगले साहित्यही वाईट पद्धतीने वापरले तर हवा बिघडवते. इपॉक्सी ग्राउटमध्ये राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण नजरेने घेतले, किंवा अर्धा डबा अंदाजाने वापरला, तर काही भाग अभिक्रिया न होता तसाच राहतो. सांधा चिकट राहतो आणि हार्डनरमधील अमाइनचा माशासारखा वास आठवडेच्या आठवडे जात नाही. पूर्ण संच एकाच वेळी मिसळावा किंवा डिजिटल काट्यावर वजन करावे. टाइलवर इपॉक्सीचा थर राहिला की मिस्त्री थिनरचा बोळा फिरवतो, आणि एवढ्याने सगळ्या निवडीवर पाणी पडते. कंपनीने दिलेला स्वच्छक आणि कोमट पाणी ठरावीक वेळेत वापरले तर थिनरची गरज पडत नाही. साइटवर थिनरचा कॅन दिसता कामा नये, हा नियम मी कोणतीही सवलत न देता पाळतो.

अ‍ॅढेसिव्हच्या पोत्यात फक्त पत्रकात सांगितलेले पाणी घालावे. ‘पकड वाढावी’ म्हणून दुसऱ्या कंपनीचे लॅटेक्स ओतले की तो पदार्थ चाचणी झालेला पदार्थ राहत नाही, त्याचे प्रमाणपत्रही निरर्थक होते.

पोते रिकामे करताना आणि टाइल कोरडी कापताना उडणारी धूळ व्हीओसीच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. तरीही तिचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटत नाही. त्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, ती फुप्फुसे कायमची निकामी करू शकते आणि कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात तिची गणना होते. पाण्याखाली कापणे आणि योग्य मास्क हे अल्प-उत्सर्जन साहित्याइतकेच आवश्यक आहेत. इपॉक्सीसाठी नायट्राइल हातमोजे द्यावेत. एकदा त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी जडली की तो मिस्त्री आयुष्यभर ते काम करू शकत नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. गालिचे, जिप्समचे छत, कापडी पॅनेल यांसारख्या वास शोषणाऱ्या वस्तू फरशीचे ओले काम सुकल्यानंतरच आणाव्यात, नाहीतर त्या आज शोषतात आणि पुढे महिनोन्महिने सोडत राहतात.

सहावी पायरी: टक्केवारी काढणे

लीड ४.१ मध्ये चिकटद्रव्ये व सीलंट या वर्गासाठी प्रमाणाच्या निकषात १०० टक्के आणि उत्सर्जनाच्या निकषात आकारमानाने किंवा क्षेत्रफळाने किमान ७५ टक्के साहित्य अनुरूप लागते. रंग व लेपांना हेच आकडे लागू आहेत, तर फरशी या वर्गात ९० टक्के. दोन वर्ग पूर्ण झाले तर १, तीन झाले तर २ आणि चार झाले तर ३ गुण मिळतात. सिरॅमिक टाइल उत्सर्जनरहित असल्याने फरशीचा वर्ग बहुधा हातात असतो. खरी परीक्षा चिकटद्रव्यांची आणि लेपांची. कोणता पदार्थ कोणत्या वर्गात मोजायचा, विशेषतः ग्राउट आणि प्रायमर, हे काम सुरू होण्याआधी सल्लागाराशी लेखी ठरवून घ्यावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. टाइल अ‍ॅढेसिव्हची २० किलोची ४०० पोती, म्हणजे ८,००० किलो. घनता लिटरला १.४ किलो धरली तर सुमारे ५,७०० लिटर. इपॉक्सी अ‍ॅढेसिव्ह ३०० लिटर. लाकडी फरशीचा पॉलियुरेथेन अ‍ॅढेसिव्ह ९०० लिटर. सिलिकॉन १२० लिटर. एकूण ७,०२० लिटर. पहिल्या दोघांचे उत्सर्जन प्रमाणपत्र असेल आणि उरलेल्या दोघांचे नसेल, तर ६,००० भागिले ७,०२० म्हणजे सुमारे ८५ टक्के, आणि वर्ग उत्तीर्ण होतो. आता टाइल अ‍ॅढेसिव्हचेच प्रमाणपत्र नसले आणि बाकी तिघांचे असले, तर १,३२० भागिले ७,०२०, म्हणजे जेमतेम १९ टक्के. फरशीचा अ‍ॅढेसिव्ह आकारमानाने इतका मोठा असतो की संपूर्ण इमारतीच्या चिकटद्रव्यांचा निकाल बहुधा तोच ठरवतो. उत्सर्जन प्रमाणपत्रासाठी पाठपुरावा करायला वेळ थोडा असेल, तर तो सगळा या एका उत्पादनावर खर्च करावा. याउलट प्रमाणाच्या निकषात लहानमोठा असा भेद नाही: सिलिकॉनची शेवटची नळी आणि पॉलिशवाल्याचा सीलर यांनाही तोच नियम.

सातवी पायरी: हस्तांतरणापूर्वी हवा बदलणे

लीडमध्ये स्वतंत्र गुणासाठी इमारत बाहेरच्या हवेने धुऊन काढण्याचा पर्याय आहे: फरशीच्या प्रत्येक चौरस फुटामागे १४,००० घनफूट ताजी हवा, १५ ते २७ अंश तापमानात आणि ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या आर्द्रतेत. हजार चौरस फुटांच्या कार्यालयाला १ कोटी ४० लाख घनफूट हवा लागते. पंख्याची यंत्रणा मिनिटाला ५०० घनफूट हवा आत आणत असेल तर दिवसरात्र चालवूनही १९ ते २० दिवस जातात. मुंबईत किंवा गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये ६० टक्क्यांची आर्द्रता केवळ खिडक्या उघडून मिळत नाही, वातानुकूलन चालू ठेवावे लागते आणि त्याचे वीजबिल कोणी भरायचे हे आधी ठरलेले नसेल तर वाद होतो. म्हणून हे वीस दिवस कामाच्या वेळापत्रकात, म्हणजे बार चार्टमध्ये, पहिल्याच दिवशी वेगळे दाखवावेत. हा गुण घ्यायचा नसला तरी सिलिकॉन आणि इपॉक्सीचे काम संपल्यावर निदान आठवडाभर खिडक्या व एक्झॉस्ट पंखे चालू ठेवणे कोणत्याही घराला परवडते.

सादर करायच्या फाइलमध्ये उत्पादननिहाय तक्ता, त्यामागे प्रत्येकाचा अहवाल व प्रमाणपत्र, त्यामागे चलने आणि लेबलांचे फोटो असा क्रम ठेवावा. परीक्षकाला तक्त्यातील एका ओळीवरून थेट त्या डब्याच्या फोटोपर्यंत पोहोचता आले पाहिजे.

या फाइलची एक प्रत सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या देखभाल विभागाकडे द्यावी. तीन वर्षांनी बाथरूममधील सांधे काळे पडतील, एखादी टाइल पोकळ वाजेल, आणि दुरुस्तीला आलेला नवा मिस्त्री विचारेल की कोणता अ‍ॅढेसिव्ह आणू. तेव्हा त्याला दाखवण्यासाठी त्याच नोंदवहीतले पान हाताशी असावे.